नवसाची दाढी

"महाराज, बाहेर का उभे? आत या की," गेटवरचा शिपाई म्हणाला आणि स्वतःचं स्टूल फडक्यानं पुसून त्यानं माझ्यापुढं सरकवलं.

मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. महाराज मीच होतो.

कोल्हापुरातल्या त्या तंत्रनिकेतनाच्या फाटकाशी मी आलो होतो तो नुसता रस्ता पाहायला. पुढच्या रविवारी तिथं बॉयलर अटेंडंटच्या परवान्याची परीक्षा होती. इचलकरंजीहून सकाळची पहिली एस.टी. नक्की केव्हा पोचते, स्टँडवरून चालत यायला किती वेळ लागतो, फाटक कुठल्या अंगाला आहे, हे एकदा पायाखालून घातल्याशिवाय मला झोप लागली नसती. माझा स्वभावच तसा. कुणाच्या लग्नाला जायचं असलं तरी आदल्या दिवशी मी मांडव लांबून बघून येत असे. आणि परीक्षेला तर ही माझी तिसरी खेप होती.

मी स्टुलावर टेकलो. शिपायानं चहा मागवला. कपातून बशीत, बशीतून दाढी सांभाळत तोंडात, असा मी तो प्यायलो. तो आदरानं बघत होता.

"महाराज, बदलीचा अर्ज टाकलाय. गावाकडं होईल का?"

"होईल," मी म्हणालो. नाही म्हणण्याइतकं धाडस माझ्यात नव्हतं.

"केव्हा?"

"वेळ आली की."

तो हात जोडून म्हणाला, "शब्द मिळाला. बास. आता बोला, काय सेवा करू? चेल्याची परीक्षा आहे का इथं?"

"माझीच आहे," म्हणत मी झोळीतून प्रवेशपत्र काढून त्याच्या हातात दिलं. त्यावर माझा फोटो चिकटवलेला होता आणि फोटोच्या कोपऱ्यावर निम्मा शिक्का उमटलेला होता. शिपायानं फोटो पाहिला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"हे पोरगं कोण?"

"मीच."

"महाराज, माझी चेष्टा करताय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गेल्या साली इथं तोतया सापडला. एकाच्या नावावर दुसराच पेपर लिहीत होता. तवापासनं साहेब दारात उभं राहून फोटो गालाजवळ धरून बघतात. जुळला तर आत, नाहीतर आल्या वाटेनं घरी. तुमच्याबद्दल आदर आहे, पण रविवारी ह्या पोराला घेऊन या."

परतीच्या एस.टी.त एका बाईनं उठून मला जागा दिली. मी बसलो, पण त्या जागेचा मला काही आनंद झाला नाही.

ही दाढी माझ्या तोंडावर कशी आली ते सांगायला हवं. मी वामन मुरदंडे, एका सायझिंगमध्ये बॉयलरवर हेल्पर होतो. सुताला खळ लावायची तर वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला परवाना असलेला माणूस लागतो. आमचा परवानेवाला म्हातारा निवृत्तीला आला होता. मालक म्हणाले होते, "वामन, दिवाळीपर्यंत पास झालास तर बॉयलर तुझा. नाहीतर मिरजेहून माणूस आणतो. मग तू आहेस आणि कोळशाची पाटी आहे."

लेखी परीक्षेची मला भीती नव्हती. पुस्तकं मला माणसांपेक्षा बरी वाटत. भट्टीसमोर बसूनही मी वाचत असे. माझं गाडं अडायचं ते तोंडी परीक्षेला. दुसऱ्या खेपेला परीक्षकांनी विचारलं, "बॉयलरच्या पातळीच्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय कराल?" पुस्तकातलं ते पान मला समोर दिसत होतं. पानाच्या कोपऱ्यावर पडलेला तेलाचा डागसुद्धा दिसत होता. पण चार डोळे माझ्या तोंडाकडं लागले आणि तोंड मिटलं ते मिटलंच. शेवटी काहीतरी केलं पाहिजे म्हणून मी परीक्षकांच्या पुढ्यातलं पाणी उचलून प्यालो आणि नमस्कार करून बाहेर आलो.

हे मी घरी येऊन आत्तीला सांगितलं. आत्ती म्हणजे सोनाबाई, माझ्या वडिलांची बहीण. आईवडलांमागं तिनंच मला वाढवलं. ती पदर तोंडाला लावून हसली, मग रडली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाली, "भैरोबाला नवस बोललेय. पोरगं पास होईतोवर त्याच्या तोंडाला वस्तरा लावणार न्हाई. पास झालं की तुझ्याच दारात दाढी उतरवीन."

"माझ्या तोंडाचा नवस मला न विचारता?"

"तुला विचारून काय उपेग? तू हो म्हणायला चार दिस घेतोस, न्हाई म्हणायला आठ."

वसंत गेला, आषाढ गेला. दाढी छातीपर्यंत आली आणि एक चमत्कार झाला. लोक मला वाट देऊ लागले. दुकानदार आधी माझं सामान बांधू लागला. स्टँडवर एका म्हातारीनं पाया पडून नातीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. आणि मी, ज्याला दूधवाल्याला 'उद्या नको' एवढं सांगता येत नव्हतं, तो मी बोलू लागलो. पडद्याआडून बोलल्यासारखं वाटे. बोलतेय ती दाढी, मी आपला मागं सुखरूप. एकदा तर मी मालकांना तोंडावर सांगितलं की सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय आणि तो आजच्या आज बघितला पाहिजे. मालक 'बरं' म्हणाले. मी दिवसभर त्या 'बरं'कडं बघत राहिलो.

म्हणजे गोष्ट अशी होती. दाढी काढली नाही तर मला परीक्षेत घेणार नव्हते. दाढी काढली तर मी तोंडीला बोलणार नव्हतो. यातली पहिली अडचण मी आत्तीला सांगितली. दुसरी सांगायची लाज वाटली.

आत्तीनं प्रवेशपत्र दिव्याखाली धरलं. "हा पोरगा बरा हाय की रं. गाल बघ कसं वर आल्यात. कुणाचा?"

"आत्ती!"

"बरं, बरं. मग नवा फोटू काढू. दाढीचा."

"नव्या फोटोवर सरकारी अधिकाऱ्याची सही लागते. आधीची ज्यांनी केली त्यांचीच बरी."

नवसाआधीच्या त्या फोटोवर सही केली होती ती गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी. आमच्या ओळखीत तेवढेच एक राजपत्रित अधिकारी होते. मंगळवारी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर एका म्हशीच्या मागं उभे होते. आत्तीनं सगळी कथा सांगितली.

डॉक्टर हात धूत म्हणाले, "मावशी, एकदा मी सही करून सांगितलं की हा माणूस असा दिसतो. आता परत सही करून सांगू की तो तसा दिसत नाही? दोन कागद एकत्र आले तर खोटा मीच ठरणार."

"मग तुमी एवढ्या म्हशी कशा वळखता? त्या काय फोटू काढून येत्यात?"

"म्हशीचं तोंड बघतोय कोण! कान बघतो. विम्याचा बिल्ला कानात असतो. आणि बिल्ला पडला तरी कानाची ठेवण बदलत नाही." माझ्याकडं बघून ते हसले. "दाढी काढा हो. कशाला देवाला मध्ये घेता?"

"म्या न्हाई घेतला, तो हायच मधी," आत्ती म्हणाली. पण तिचा आवाज जरा पडलाच.

त्या दिवसापासून आत्तीचं काहीतरी बिनसलं. ती भाकरी थापताना मध्येच थांबायची. गुरुवारी ती एकटीच कुठंतरी जाऊन आली. आल्यावर म्हणाली, "उद्या सकाळी देवळात जायचं. कौल लावू. देवानंच सांगितलं की आधी दाढी काढ, तर मग नवस मोडला असं होत न्हाई."

"आणि देव नाही म्हणाला तर?"

"न्हाई कसा म्हणंल?" आत्ती इतक्या ठामपणे म्हणाली की मला नवल वाटलं.

भैरोबाचं देऊळ आमच्या जुन्या गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला. तिथले गुरव म्हणजे बापू. बापूंनी देवाला पाणी घातलं, फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या घेतल्या, एक देवाच्या उजव्या खांद्याला चिकटवली, एक डाव्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाभाऱ्यात समईचा उजेड होता. आम्ही तिघं खाली बसलो.

"विचार, सोनाबाई," बापू म्हणाले.

"देवा भैरोबा," आत्तीनं हात जोडले, "पोराची दाढी तुझी हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण पोराला आत घेईनात. आधी उतरवू का? मागनं तुझं काय असंल ते करीन."

आम्ही पाकळ्यांकडं बघत बसलो. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात देवाला सांगत होतो, नाही म्हण. मग पुढं परीक्षेचं काय, हे काही मी त्याला सांगितलं नाही. भित्र्या माणसाची प्रार्थना एवढीच लांब जाते.

डावी पाकळी पडली.

आत्तीनं चटकन बापूंकडं पाहिलं. बापूंनी आत्तीकडं पाहिलं. दोघांचे चेहरे असे झाले होते की जणू देव नव्हे, सावकारच बोलला.

"बापू!" आत्ती म्हणाली.

"मी काय करू? तो देव हाय," बापू म्हणाले. त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

मग आत्ती देवाशी भांडायला लागली. "बरं, मी वस्तरा म्हटलं होतं. वस्तरा न्हाई लावायचा, कबूल. पण कात्री? कात्रीचं आपलं काय ठरलं न्हवतं. बापू, लाव परत. कात्री चालंल का, एवढंच इचार."

"असं देवाशी वकिली करत न्हाईत गं."

"तू लाव."

बापूंनी पुन्हा पाकळ्या लावल्या. या वेळी त्या लावायला त्यांना बराच वेळ लागला. हात मागं घेतला न घेतला तोच उजवी पाकळी टपकन पडली. आत्तीनं देवासमोर डोकं टेकलं ते लवकर वर केलंच नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी आमच्याकडं डोईला हत्यार लावत नाहीत, म्हणून शुक्रवारीच संध्याकाळी दत्तू न्हाव्याकडं गेलो. आत्ती दुकानाच्या दारात पहारा देत उभी.

"दत्तू, वस्तऱ्याला हात लावलास तर माझ्याशी गाठ हाय."

"आत्ती, नुसत्या कात्रीनं गुळगुळीत व्हायची न्हाई. ज्वारीच्या कापल्या रानागत दिसंल."

"दिसू दे."

दत्तूनं कापली. मी आरशात पाहिलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. कुठं खुंट, कुठं टक्कल, कुठं चुकून राहिलेला पुंजका. त्यात आणखी एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. भट्टीच्या झळांनी माझं कपाळ आणि नाक तांब्यासारखं झालं होतं, आणि दाढीखालची हनुवटी इतके महिने ऊन न लागल्यानं पांढरीफटक पडली होती. ओठांच्या वर एक आणि ओठांखाली एक, असे दोन वेगवेगळे रंग. फोटोतला पोरगा हा नव्हता, आणि महाराजही हा नव्हता. हा तिसराच कोणी होता.

"आता दोन फोटू लागतील," दत्तू म्हणाला.

रविवारी मी घाई करून ठरल्यापेक्षा लवकर निघालो. प्रवेशपत्र, सेवेचा दाखला, पेनं सगळं एका पिशवीत, पिशवी छातीशी. आत्ती न बोलावता बरोबर आली. रस्ता मला पाठ होता. फाटकाशी रांग लागली होती. शिपाई तोच.

"रांगेत उभं रहा, ढकलू नका!" तो माझ्यावर ओरडला. मी ढकलत नव्हतो. मी त्याला ओळख द्यावी म्हणून हसलो. त्याला ते आवडलं नाही.

माझी पाळी आली. दारात चष्मा लावलेले एक साहेब उभे होते. त्यांनी फोटो माझ्या गालाजवळ धरला, मग लांब धरला, मग चष्मा वर केला.

"नाव?"

मी तोंड उघडलं. मागं माणसं, पुढं साहेब, बाजूला शिपाई, सगळे माझ्या उघड्याबोडक्या तोंडाकडं बघत होते. दाढी असती तर तिच्याआड तोंड लपवता आलं असतं. आवाज येईना.

"वामन," आत्ती मागून ओरडली. "वामन गोविंद मुरदंडे."

"तुम्ही नका सांगू बाई. त्यांना सांगू दे. नाव सांगता येत नाही का?"

शिपाई म्हणाला, "साहेब, लक्षण बरं न्हाई. नाव पाठ करायचं राहिलं असंल."

"कपाळ एकाचं, हनुवटी दुसऱ्याची," साहेब म्हणाले. "हे जुळत नाही. बाजूला व्हा. पुढचा या."

मी बाजूला होऊ लागलो. खरंच होऊ लागलो. मला वाटलं, साहेब म्हणतात त्यात तथ्य असावं. इतक्यात आत्ती रांग मोडून पुढं घुसली.

"साहेब, एक इचारते. तोतया म्हंजे काय?"

"दुसऱ्याच्या जागी परीक्षा देणारा."

"म्हंजे हुशार असतो न्हवं? बोलका, चलाख?"

"असतोच."

"मग ह्याच्याकडं बघा!" आत्तीनं माझा दंड धरून मला पुढं ओढलं. "ह्याला कोण आपल्या जागी बसवील? असला तोतया कुणी आणतं व्हय? ह्याला सोताचं नाव येईना, तो दुसऱ्याचं काय सांगणार? ह्याला चुरमुरं आणायला धाडलं तर रांगेत शेवटी उभा राहून मोकळ्या हातानं येतो. ह्याला काय बी येत न्हाई साहेब, काय बी! अगदी खरा माल हाय हा!"

सगळी रांग हसायला लागली. साहेबही हसले. शिपायानं तर टोपी काढून तोंडावर धरली. आणि माझ्या आत काहीतरी झालं. आजवर सगळं गाव मला हसलं होतं, पण परीक्षेच्या दारात, माझ्याच घरच्या माणसानं, मला काहीच येत नाही म्हणून सांगावं?

"आत्ती, पुरे!" मी ओरडलो. "काय येत नाही मला? काचेत पाणी दिसेनासं झालं तर आधी आग विझवायची! पाणी आत सोडायचं नाही! तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटतो! वाफेचा व्हॉल्व्ह हळू बंद करायचा आणि बॉयलर आपोआप थंड होऊ द्यायचा! सगळं येतंय मला! पुस्तकाचं पान सांगू?"

हसणं थांबलं.

"आला बघा आवाज," आत्ती साहेबांना म्हणाली.

पण शिपाई पक्का होता. "साहेब, एवढं येतंय म्हंजे नक्कीच तोतया."

साहेबांचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. "हेही खरंच आहे," ते पुटपुटले. आत्तीनं आ वासला. तिनं केलेली वकिली मीच बुडवली होती. आता ती काही बोलणार नव्हती. दार माझ्यासमोर होतं, घड्याळ चाललं होतं, आणि गंमत अशी की माझं तोंड अजून उघडंच होतं.

"साहेब," मी म्हणालो, "तोंडाकडं बघू नका. कान बघा."

"काय?"

"दाढी वाढते, उतरते, माणूस काळा पडतो, पांढरा पडतो. कान तोच राहतो. हा माझा डावा कान. लहानपणी डूल ओढला गेला, तेव्हा पाळी चिरली. आता फोटो बघा."

साहेबांनी फोटो कानाजवळ नेला. मी मान वळवून, पिशवी छातीशी धरून, रांगेसमोर कान पुढं करून उभा राहिलो. रांगेतले दोघंतिघंही वाकून बघू लागले.

"चिरलेली आहे," साहेब म्हणाले. "जुळतो. पण काही महिन्यांमागं फोटोत दाढी नव्हती, आता हे असं काय करून आलात?"

"नवस होता साहेब. अर्धा राहिलाय."

"आत जा. तोंडीला मीच आहे, तेव्हा सांगा सगळं."

मी आत गेलो. मागून शिपायाचा आवाज आला, "बाई, ते महाराज तुमच्या ओळखीचे का? मागच्या रविवारी आलेले?" आत्तीनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

तोंडीला साहेबांनी मला बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. मी सांगत गेलो. मध्येच त्यांनी नवसाबद्दल विचारलं, तेही सांगितलं. मग मीच त्यांना विचारलं की सेफ्टी व्हॉल्व्ह गळत असला आणि मालक ऐकत नसेल तर अटेंडंटनं काय करावं. ते म्हणाले, "परीक्षा कोण घेतंय?" आणि पुढच्याला बोलावलं. बाहेर आल्यावर हात लावून पाहिला तर तोंडावर नुसते खुंट होते.

दिवाळीआधी निकाल आला. पास. मालकांनी पेढे वाटले, मिरजेच्या माणसाला नको म्हणून कळवलं. आणि आत्तीनं फर्मान काढलं, "आता दाढी वाढव."

"आता? पास झालो की!"

"म्हणूनच. पास झाल्यावर देवाच्या दारात दाढी उतरवायची हाय. उतरवायला दाढी नको? खुंट घेऊन जाऊ व्हय त्याच्यापुढं? त्यानं एकदा डावी दिलीय. मी परत इषाची परीक्षा घ्यायची न्हाई."

म्हणून मी परवाना खिशात घेऊन, बॉयलरचा मालक असल्याच्या थाटात, पुन्हा महाराज झालो. चैत्रात आम्ही देवळात गेलो. दत्तूला बरोबर नेलं होतं. पायरीवर बसवून त्यानं वस्तऱ्यानं माझी दाढी उतरवली, आत्तीनं ती पदरात घेऊन देवापुढं ठेवली आणि अंघोळीला ओढ्याचं पाणी आणायला ती कळशी घेऊन गेली. दत्तू वस्तरा धुवायला गेला. मी आणि बापू गुरव उरलो.

"फिटला बाबा नवस," मी गाल चोळत म्हणालो.

बापू हसले. मग इकडं तिकडं बघून म्हणाले, "कुठला नवस?"

"कुठला म्हणजे? आत्ती बोलली होती तो."

"वामनराव, नवस कुणी बोललंच न्हवतं. त्या वर्षी मी रोज देवळात होतो. तुमची आत्ती आठ-धा दिसांनी आली आणि मला म्हणली, 'बापू, पोराला असं असं सांगितलंय. कुणी इचारलं तर हो म्हण. माणसांच्या नजरेला भितंय ते. तोंड झाकलं की बोलंल.'"

मी गालावरचा हात खाली घेतला.

"मग ती फोटूची भानगड झाली. गुरुवारी परत आली. म्हणली, 'आता काढायची कशी? खोटं बोलले म्हणून सांगू व्हय? उद्या कौल लाव, उजवी पाड.' मी पाकळी सैल लावली. उजवी. अगदी फुंकर मारली तरी पडंल अशी. आणि पडली डावी." बापूंनी कानाला हात लावला. "देव म्हणला, बोललीस न्हवं? मग आता फेड. दुसऱ्या खेपेला माझी काय हिंमत झाली न्हाई. दोन्ही सारख्या लावल्या, देवाच्या नावानं सोडल्या. तुमची आत्ती त्या दिवसापासनं रात्रीचा दिवा लावायला चुकलेली न्हाई. सांगू नका मी सांगितलं म्हणून."

आत्ती कळशी घेऊन चढ चढून आली. दमली होती. पाणी माझ्या डोक्यावर ओतून तिनं माझी हनुवटी वर केली, पाहिली, समाधानानं मान हलवली.

"काय बोलत होता बापू?"

"काही नाही," मी म्हणालो. "मीच त्यांना सांगत होतो. पुढच्या वेळी आत्तीला नवस बोलायचा झाला, तर तिच्याच केसांचा बोलायला सांगा."

आत्तीचा हात आपसूक तिच्या अंबाड्याकडं गेला. मग तिनं बापूंकडं पाहिलं. बापू खाली मान घालून समई पुसायला लागले होते.